मधल्या सायलेन्सरची काजळी मागच्या बंपरवर बसते, पांढऱ्या बॉक्स्टरला उपाय काय?

टिळकवाडीकर

नमस्कार मंडळी.

गाडी पोर्श बॉक्स्टर, ९८७ मॉडेल, २०१० ची, २.९ लिटर, पांढरी. सेकंडहँड घेतली. बेंगळुरूची होती म्हणून टॅक्सचं लफडं झालं नाही, पुण्या-मुंबईची घेतली असती तर लाइफटाइम टॅक्स इथं बेळगावात परत भरावा लागला असता. असो, तो वेगळा विषय.

या गाडीचं इंजिन सीटच्या मागं, त्याच्या मागं सायलेन्सर, आणि सायलेन्सरचं एकच आडवं तोंड बंपरच्या बरोबर मधोमध. त्या तोंडाच्या वर बंपरची जी कड आहे ती सारखी काळी होते. खालच्या अंगाला गडद काळं, वर चढत जाईल तसं राखाडी, आणि सगळ्यात शेवटी कपाच्या बुडाशी चहाचा डाग राहतो तशी पिवळट रेघ. काळं शाम्पूनं निघतं. पिवळं निघत नाही. शिवाय उजव्या बाजूला बारीक काळे ठिपके उडालेले असतात, डावीकडं जवळजवळ नाहीतच.

वापर म्हणाल तर रोज घर ते उद्यमबाग. तिसऱ्या गेटाजवळ अडकलो नाही तर दहा मिनिटांचा रस्ता. रविवारी पहाटे जांबोटी, कणकुंबी, चोर्ला, नाहीतर हायवेनं संकेश्वरपर्यंत जाऊन परत. गंमत म्हणजे चोर्ल्याहून आल्यावर बंपर जेवढा घाण असायला हवा तेवढा नसतो. रोजच्या दहा मिनिटांनीच जास्त काळा होतो. हे मला कळत नाही.

गावातल्या एका डिटेलिंगवाल्यानं बफिंग करून बंपर आरशासारखा करून दिला. काही दिवसांत पुन्हा तेच. आता तो म्हणतो, अख्ख्या मागच्या भागाला पीपीएफ, म्हणजे रंग वाचवणारी पारदर्शक फिल्म, मारा. आकडा सांगितला तो ऐकून मी चहा न पिताच निघालो. वडिलांची फाउंड्री आहे, त्यांचं म्हणणं, काजळीचा एवढा राग होता तर पांढरी घ्यायची नव्हतीस. मुद्दा बरोबर आहे, पण आता घेतली की.

डाग काढायचे कसे यापेक्षा बसूच नयेत यासाठी काय करता येईल ते हवंय. इंजिनातच काही बिघाड आहे का? सायलेन्सरचं तोंड थोडं मागं वाढवलं तर फरक पडेल का, आणि त्यानं दुसरं काही बिघडेल का?

निपाणीचा पाहुणा

रॉकेलचा बोळा फिरवा, चकाचक. आमच्याकडं ट्रॅक्टरचं बॉनेट आम्ही तसंच पुसतोय, अजून रंग शाबूत आहे. पोर्शला काय सोन्याचा रंग मारत्यात व्हय? आता रॉकेल कुठं मिळतंय ते मात्र तुम्हीच शोधा.

लेथवाला, उद्यमबाग

पाहुणे, तुमचा ट्रॅक्टर आणि यांची गाडी एकाच चिंधीनं पुसायला लागलो तर अवघड आहे.

सावकार, तुमच्याच गल्लीत माझं शॉप असंल. दिवसभर एसएस, म्हणजे स्टेनलेस स्टील, पाइपाचं काम, साखर कारखान्यांचं जास्त. गाड्यांचे सायलेन्सर हा माझा धंदा नव्हे, खरं आर्गन वेल्डिंग म्हटलं की लोक ते घेऊन येतातच, त्यामुळं बरेच हातावरून गेलेत. जरा सविस्तर लिहितो.

आधी धूर मागं न जाता बंपरवर का येतोय ते बघा. पावसाळ्यात जांबोटी रोडवरून कुठलीही हॅचबॅक आणा. पुढची काच वायपरनं साफ, बाजूचे दरवाजे निम्मे साफ, आणि मागचा दरवाजा खानापूरच्या लाल मातीनं काचेपर्यंत माखलेला. ती माती कुणी मागून फेकत नाही. गाडी पुढं पळते तशी तिच्या पाठीमागं कमी दाबाची जागा तयार होते आणि तिथली हवा गोल फिरून गाडीकडंच परत येते. चाकानं उडवलेला चिखल त्या हवेतनं पाठीला चिकटतो. तुमच्या सायलेन्सरचं तोंड त्याच फिरत्या हवेच्या बरोबर मधोमध उघडतंय. धूर जोरात निघाला तर ती जागा फोडून पार होतो. गावात, कमी आरपीएमला, तो ढकलून बाहेर जातच नाही, तिथंच घुटमळतो आणि कडेवर बसतो. चोर्ल्याला बंपर कमी का घाण होतो याचं निम्मं उत्तर हे.

उरलेलं निम्मं पाण्यात आहे. एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण लिटरभर पाणी तयार होतं. गरम सायलेन्सरमधून ते वाफ होऊन जातं, दिसतही नाही. तुमचा रस्ता दहा मिनिटांचा. गाडी थंड असताना कॉम्प्युटर पेट्रोल जास्त सोडतो, त्याची काजळी होते. धुरातले विषारी वायू साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे कॅट, २५०-३०० डिग्रीच्या आसपास गेल्याशिवाय नीट काम करत नाही. आणि सायलेन्सरचा मोठा डबा तर सगळ्यात उशिरा तापतो. तेवढ्यात वाफेचं डब्यात पाणी होतं, काजळीत कालवलं जातं आणि रेस केली की तोंडातून थुंकलं जातं. तुमचे ठिपके ते हेच. सुकले की उन्हानं आणि तोंडाच्या आचेनं भाजून घट्ट बसतात.

म्हणून काही लोक सकाळी गाडी चालू करून पंधरा मिनिटं दारात उभी ठेवतात. ते करू नका. आयडलिंगवर सायलेन्सर तापत नाही, काजळी तेवढी वाढते. चालू करा, अर्धा मिनिट थांबा, हळू निघा. आणि शटर बंद करून आत तर गाडी अजिबात चालू ठेवायची नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, ते तुमच्या वडिलांना विचारा, फाउंड्रीवाल्याला नव्यानं सांगायला नको.

आता इंजिनाचं. पांढरं जुनं बनियन घ्या, बोटाला गुंडाळा, गाडी थंड असताना सायलेन्सरच्या तोंडात आतून फिरवा. कोरडी भुकटी आली, फुंकर मारली तर उडते, तर ती पेट्रोलची काजळी. थोडी सगळ्याच गाड्यांना असते. चिकट आलं, बोटं चोळली तर तेलकट लागलं, तर इंजिन ऑइल खातंय. मग बंपरचा विषय बाजूला ठेवून आधी तिकडं बघायचं.

कोरडी असली तरी पीयूसीची पावती काढून बघा. आपण ती फक्त पोलिसाला दाखवायला ठेवतो, खरं त्यावर सीओचा, म्हणजे कार्बन मोनॉक्साइडचा, आकडा असतो. बीएस-४ गाडीला आयडलिंगवर ०.३ टक्के आणि एचसी, म्हणजे न जळलेलं इंधन, २०० पीपीएम ही हद्द आहे. तुमचा सीओ हद्दीला टेकला असंल तर मिक्स्चर रिच आहे: ओ-टू सेन्सर म्हातारा झाला, एअर मास सेन्सरवर धूळ बसली, एअर फिल्टर तुंबला, प्लग गेले, यातलं काहीतरी. स्कॅनर असणाऱ्याकडून फ्युएल ट्रिम बघून घ्या. आकडा बराच मायनसमध्ये म्हणजे पेट्रोल जास्त जातंय आणि कॉम्प्युटर ते कापत बसलाय.

आणखी एक तुमच्याच इंजिनाचं. सहा सिलिंडर आडवे झोपलेले, तीन इकडं तीन तिकडं. बरेच दिवस उभी राहिली किंवा उतारावर एका बाजूला कलून लावली की थोडं ऑइल रिंगांतून सिलिंडरमध्ये झिरपतं आणि चालू केल्यावर निळसर धुराचा एक लोट येतो. तो विरून गेला तर घाबरायचं नाही. खरं दर वेळी येत असला, पांढरा दाट असला, आणि आयडलिंगवर ऑइल भरायचं झाकण उघडताना आतून जोरात ओढ लागत असली, तर ऑइल सेपरेटरचा पडदा फाटलेला असू शकतो. वय झालं की तो जातोच, रबर आहे ते. तो बदलल्याशिवाय बंपर पुसून उपयोग नाही.

एवढं झालं की मोजमाप. व्हर्निअर घ्या. तोंड आणि बंपरची कड यांच्यातली फट उजवीकडं किती, डावीकडं किती, आणि तोंड कडेच्या किती आत किंवा बाहेर आहे ते लिहून टाका. ठिपके एकाच बाजूला आहेत म्हणजे मला वाटतंय तोंड वाकडं बसलंय. वेल्डिंगचं नंतर बघू.

टिळकवाडीकर

काका, बाप रे. प्रिंट काढून ठेवतो.

बनियन फिरवलं. कोरडी भुकटी, फुंकरीनं उडाली. पावतीवर सीओ हद्दीच्या बराच खाली आहे. झाकणाला ओढ आहे पण अगदी हलकी, बोटांनी सहज निघतं. सुरू करताना धूर मला तरी कधी दिसला नाही. आईला दिसतो म्हणते, पण आईला गाडीचं सगळंच दिसतं.

फट: उजवीकडं ८ मिलिमीटर, डावीकडं १७. तोंड कडेच्या आत आहे, साधारण ५ मिलिमीटर. म्हणजे बाहेर आलेलंच नाही!

वडगावची रंगवाली

फट बघून लेथवाले काका काय ते सांगतीलच. तोवर मी डागाचं सांगते. गाड्यांच्या रंगकामात आहे, बूथमध्ये रोज उभी असते.

पाहुण्यांचं रॉकेल, कुणी थिनर सांगेल, कुणी तांबं-पितळ घासायची पावडर सांगेल. तिन्ही नको. रॉकेलनं काळं निघतं पण मागं तेलाचा थर राहतो आणि पुढची काजळी त्यावर आणखी छान चिकटते. थिनर क्लिअर कोटला, म्हणजे रंगावरच्या पारदर्शक थराला, मऊ करतो. पावडर म्हणजे बारीक वाळूच, बंपरवर तर नाहीच, सायलेन्सरच्या पॉलिश केलेल्या तोंडालाही ओरखडे पडतात.

काजळी कधीही कोरड्या फडक्यानं पुसायची नाही. कार्बनचे कण रंगावर घासले की ओरखडे पडतात, आणि पांढऱ्यावर ते दिसत नाहीत म्हणून लोक घासत राहतात. गाडी गार झाली की सावलीत आधी नुसत्या पाण्याची धार. मग ऑल-पर्पज क्लीनर, एकाला दहा पाणी, फवारून मिनिटभर थांबायचं, सुकू द्यायचं नाही, मऊ ब्रशनं वरून खाली. धुऊन झालं की शाम्पू. बोअरच्या पाण्यानं शेवट करू नका, क्षाराचे डाग पडतात ते वेगळेच निस्तरावे लागतात. शेवटची बादली नळाच्या पाण्याची ठेवा, हिडकल धरणाचं येवो नाहीतर राकसकोपचं, बोअरपेक्षा बरंच.

ठिपके राहिले तर टार रिमूव्हर, थोडा, कापडावर घेऊन. जांभळा होणारा आयर्न रिमूव्हर बरेच जण यासाठी विकतात. तो ब्रेकच्या लोखंडी धुळीसाठी आहे, कार्बनला त्याचा काही उपयोग नाही. पैसे जातात आणि वास मात्र दोन दिवस गॅरेजात राहतो. त्यानंतरही पिवळी रेघ राहिली तर क्ले, म्हणजे रंगावरची घाण उचलणारी माती, भरपूर शाम्पूपाण्याबरोबर. आणि तरीही राहिली तरच पॉलिश, सगळ्यात मऊ पॅडनं, तेवढ्याच पट्टीवर.

इथं तुमच्या डिटेलिंगवाल्याशी माझं भांडण. क्लिअर कोट साधारण ४०-५० मायक्रॉनचा असतो. बफिंगमध्ये प्रत्येक वेळी त्यातलं थोडं जातं. डाग दिसला की बफिंग, पुन्हा दिसला की बफिंग, असं करत गेलात तर एक दिवस डाग जाईल आणि त्याच्याबरोबर क्लिअरही. मग माझ्याकडं यावं लागेल. मला चालेल, तुम्हाला चालणार नाही.

थर म्हणून काय लावायचं? कार्नोबा मेण तिथं टिकत नाही. ते ८२ ते ८६ डिग्रीला वितळतं आणि तोंडाच्या वरची कड घाटात त्याच्या आसपास सहज जाते. सिंथेटिक सीलंट किंवा सिरॅमिक लावा. पण सिरॅमिक लावलं म्हणजे काजळी बसणार नाही असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. काजळी बसतेच, फक्त पाण्यानं लवकर सुटते आणि पिवळं आत मुरत नाही. पीपीएफ वाईट नाही, पण सगळ्या मागच्या भागाला कशाला? तोंडाच्या वर हाताएवढा तुकडा मारा. तो पिवळा पडला की काढून दुसरा. तो त्यासाठीच असतो. फक्त त्याची कड तोंडाच्या अगदी जवळ आणू नका, आचेनं उचलते आणि मग त्या फटीत काजळी भरते, ती कुणालाच काढता येत नाही.

लेथवाला, उद्यमबाग

ताई, हाताएवढ्या तुकड्याचं बेस्ट सांगितलात.

सावकार, ८ आणि १७ बघून मी हसलो. बिघाड इंजिनात नाही, आणि गाडी बनवणाऱ्याचाही दोष नाही. तुमच्या गाडीला सायलेन्सरच्या पुढचं तोंड वेगळा तुकडा असतो, आतल्या नळीवर सरकवून क्लॅम्पनं आवळलेला. आधीच्या कुणीतरी सायलेन्सर उतरवला असणार, परत लावताना तो आत ढकलून, थोडा पिळून आवळला. म्हणजे तुमचं तोंड बंपरच्या पोटात उघडतंय, आणि तेही उजवीकडं तोंड करून. ५ मिलिमीटर आतून निघालेला धूर बाहेर पडायच्या आधीच कडेला लागणार, दुसरं काय होणार?

क्लॅम्प गंजलेला असंल तर जोर लावू नका, डब्ल्यूडी-४० मारून रात्रभर सोडा. नट सैल झाला की तोंड फिरवत फिरवत मागं ओढा. आतल्या नळीवर ते निदान ३५-४० मिलिमीटर बसलेलं राहिलं पाहिजे, नाहीतर आवळूनही गळेल. तेवढं राखून जेवढं बाहेर येईल तेवढं येऊ द्या. कडेच्या बाहेर १५ मिलिमीटर आलं तरी फरक दिसेल.

फट दोन्हीकडं सारखी करा, वर मात्र खालच्यापेक्षा थोडी जास्त ठेवा. कारण सायलेन्सर खाली बसतो, उचलतो, आणि लांबतो. एसएस ३०४ ची एक मीटर नळी ४०० डिग्रीनं तापली की जवळजवळ ७ मिलिमीटर वाढते. थंड गाडीवर बंपरला चिकटून सुंदर बसवलेलं तोंड गरम झाल्यावर प्लास्टिकला टेकतं, आणि मग डाग नाही, वितळलेला खड्डाच. चारही बाजूंनी १२ मिलिमीटरपेक्षा कमी ठेवू नका.

एवढ्यानं भागलं नाही तर माझ्याकडं या, नळीवर बाहेरून बसणारी बाही करून देतो. एसएस ३०४, दीड मिलिमीटर जाडीचा पत्रा, आतली जागा मूळ तोंडापेक्षा मोठी, म्हणजे धुराला अडथळा नाही. वेल्ड नाही मारायचं, खालून तीन ग्रब स्क्रू, म्हणजे बिनडोक्याचे. नको वाटलं तर काढलं, गाडी होती तशी. पुढचा काप तिरका देऊ, वरची बाजू लांब आणि खालची आखूड, म्हणजे धूर वर न जाता खाली-मागं वाकतो. लोक दिसायला छान म्हणून उलटा काप मागतात, खालचा लांब वरचा आखूड. मग तो धूर सरळ नंबरप्लेटवर. त्या गाड्यांच्या नंबरप्लेटी बघा, वरच्या ओळीपर्यंत काळ्या.

कामाच्या आधी एक प्रयोग मात्र करा. मागच्या बंपरवर आणि झाकणावर लोकरीचे बोटभर तुकडे चिकटपट्टीनं लावा, एका टोकाला. मित्राला मागच्या गाडीतून मोबाइलवर शूटिंग घ्यायला सांगा, सांबऱ्याच्या रस्त्याला सकाळी मोकळं असतं तेव्हा, लेन सोडून मस्ती न करता. जिथले तुकडे मागं न फडफडता वर किंवा बंपरकडं वळून नाचत्यात तिथंपर्यंत परतीची हवा येते. तोंड त्याच्या बाहेर न्यायचं, किंवा निदान खाली. मोठमोठे विंड टनेलवाले अजूनही लोकरच लावतात, आपल्याला कमीपणा नाही.

चोर्ल्याचा रविवार

मध्येच घुसतो. माझी टर्बो, डायरेक्ट इंजेक्शनवाली, आणि मधोमध तोंड नसून दोन बाजूंना दोन. तरी बंपर दोन्हीकडं काळा. गोव्यात टाकी भरली की कमी होतो असं माझं निरीक्षण आहे. पेट्रोल तिकडचं चांगलं का?

लेथवाला, उद्यमबाग

गोव्यात पेट्रोल स्वस्त, म्हणून तुम्ही तिकडं भरता. तिकडं भरायला जाताना चोर्ला घाट चढता-उतरता, गाडी तासभर नीट तापते, सायलेन्सरमधली घाण जळून वाळून जाते. श्रेय घाटाला द्या, पंपाला नको. पेट्रोलमधलं गंधक २०२० च्या एप्रिलपासून सगळीकडंच १० पीपीएमच्या आत आणलंय.

तुमची काजळी यांच्यापेक्षा जास्त असणारच. डायरेक्ट इंजेक्शनमध्ये पेट्रोल सरळ सिलिंडरमध्ये फवारतात, पिस्टनच्या माथ्यावर आणि भिंतीवर ओलावा राहतो, तो नीट हवेत मिसळायच्या आधीच जळतो आणि काजळी होते. यांच्या २.९ ला जुन्या पद्धतीचं, मॅनिफोल्डमधलं इंजेक्शन आहे, त्यामुळं यांना सोपं. याच गाडीच्या एस मॉडेलला, ३.४ ला, डायरेक्ट आहे. तुम्हाला ताईंचाच मार्ग, आठवड्याला धुणं आणि सीलंट. तोंडं किती बाहेर आहेत तेवढं मोजा.

कुणीतरी तुम्हाला कॅट काढून टाका म्हणेल, आवाज भारी येतो म्हणून. कायद्यात बसत नाही, पीयूसीत पास होणार नाही, आणि काजळी दुप्पट दिसेल. नको.

वडगावची रंगवाली

आणि उसाच्या हंगामात घाबरून जाऊ नका. ट्रॉल्यांच्या मागं अर्धा तास गेलात, शेतात पाचट पेटलेलं असलं, की गाडीवर जे काळं बसतं ते सगळं तुमच्या सायलेन्सरचं नसतं. छतावर पण काळे कण दिसले तर ती उसाची राख. ती बोटानं चिरडू नका, धारेनं उडवा.

टिळकवाडीकर

अपडेट.

क्लॅम्पचा नट रात्रभर भिजवून सुद्धा हटला नाही, शेवटी फाउंड्रीतल्या फिटरनं कापून काढला, नवा क्लॅम्प टाकला. तोंड आता कडेच्या बाहेर १८ मिलिमीटर आहे, फट दोन्हीकडं १३, वर १५. आत काका म्हणाले तेवढं बसलेलं राहिलंय, मार्करनं खूण करून मोजलं.

लोकरीचा प्रयोग आधी केला. बहिणीच्या विणकामातली गुलाबी लोकर निघाली, त्यामुळं सांबरा रोडवर आम्हाला लग्नाची गाडी समजून एकानं हॉर्न वाजवून हात केला. व्हिडिओत तोंडाच्या वरचे तुकडे सरळ बंपरकडं वळलेले दिसतात, अगदी नंबरप्लेटपर्यंत. नंबरप्लेटच्या वरचे मात्र सैरभैर. हायवेला १२० च्या आसपास मागचा स्पॉयलर आपोआप वर येतो तेव्हा काय होतं ते बघायची इच्छा होती, पण मागून शूटिंग करणाऱ्या मित्राच्या गाडीला तेवढा दम नाही आणि त्याच्या बायकोनं परवानगीही दिली नाही.

ताईंनी सांगितल्याप्रमाणं धुतलं. ठिपके टार रिमूव्हरनं गेले. पिवळी रेघ क्लेनं बरीच फिकी झाली, पूर्ण नाही. मी तिथंच थांबलो, बफिंग केलं नाही. सीलंट लावलंय.

आता फरक. उजवीकडचे ठिपके बंद. कडेवर काळं येतं पण हलकं राखाडी, पाण्याची धार मारली की उतरतं. गावात जास्त, घाटात कमी, ते तसंच आहे. पांढरा रंग आहे म्हटल्यावर एवढं मी सोसतो. वडिलांनी बघून ‘बरं झालं’ एवढंच म्हटलं, आमच्या घरात हे प्रमाणपत्र समजतात.

एक नवीन त्रास: गार असताना आयडलिंगवर मागून पत्र्याचा किर्र असा आवाज येतो, गरम झाल्यावर थांबतो. काका, क्लॅम्पचा असेल का? बाही करायला येणारच आहे, तेव्हा दाखवू?

लेथवाला, उद्यमबाग

क्लॅम्पचा असंल असं मला वाटत नाही. हा हीट शील्डचा, म्हणजे आच अडवणारा, पत्रा असणार. क्लॅम्प कापताना कुणीतरी त्याचा बोल्ट हलवलाय. गाडी गार असताना हातमोजा घालून शील्ड दाबा, आवाज बंद झाला तर तोच. एखादा मोठा वॉशर टाकून आवळा.

बाहीची घाई करू नका. आधी एक पावसाळा जाऊ द्या, त्यात लाल माती कुठंपर्यंत चढते ते बघू, मग वरचा काप किती लांब द्यायचा ते ठरवू. आलात तर सकाळी दहाच्या आत या, नंतर कारखान्याची माणसं बसलेली असतात. आणि येताना तोंडाची आतली-बाहेरची मापं कागदावर आणा, गाडीखाली झोपायचं वय माझं राहिलं नाही.

निपाणीचा पाहुणा

हे सगळं वाचून ट्रॅक्टरच्या सायलेन्सरचं तोंड मोजायला गेलो. ते वर आकाशाकडं आहे. आमचा प्रश्नच नाही.